नागमणीच्या गळ्यातली गल्ली

नागमणी चिलवेरी विड्या वळते, दिवसाला हजार. तोंड त्याहून जास्त चालतं. सोलापूरच्या आमच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात तिच्याशी भांडून जिंकलेला माणूस मला अजून भेटायचाय. मी स्वतः तीनदा हरलोय.

तिच्या पोरीचा, भार्गवीचा, पंचवीस टक्क्यांतला अर्ज माझ्याच नेट सेंटरमध्ये भरला. मोठ्या शाळेत गरिबाचं पोर, फी सरकारची. सरकार ती फी कधी देतं हे शाळेला विचारू नका, तिथल्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी येतं. सोडतीत भार्गवीचा नंबर लागला. राहिली कागदपत्रांची तपासणी, शुक्रवारी पाचपर्यंत. चुकलं की जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या पोराला.

"अण्णा, तुम्ही चला सोबत," नागमणी म्हणाली. "इंग्लिशमध्ये विचारलं तर तुम्ही बोला की."

मला इंग्रजी येतं असा तिचा समज आहे. मी तो मोडला नाही.

शुक्रवारी ती भार्गवीला घेऊन गल्लीतून बाहेर आली आणि मी स्कूटर बंद केली. आमच्याकडे मोठ्या ठिकाणी बाई उघड्या गळ्यानं जात नाही, लग्न असो की कोर्ट. घरात नसेल तर शेजारणी आपापलं काढून तिच्या अंगावर चढवतात, कारण नाव गल्लीचं जातं. नागमणीच्या अंगावर दोन घरांचं सोनं होतं, आणि नेसूची जरीची साडी तिसऱ्या घरची.

"अक्का, दाखला गरिबीचा काढलाय आपण," मी म्हणालो.

"मग भिकारणीसारखी जाऊ? पोरीला शाळेत घालायला चाललेय, देवळापुढं बसायला नाही."

चौथ्यांदा हरलो.

शाळेत शिक्षण खात्याचे एक साहेब आणि मुख्याध्यापिका बसले होते. मॅडमनी दाखला बघितला, मग नागमणीचा गळा, मग पुन्हा दाखला.

"वर्षाला सत्तर हजार? आणि हा हार?"

"बोल्लीवहिनीचा."

"पाटल्या?"

"गड्डमांच्या सुनेच्या."

"कानातले?"

"ते माझे," नागमणी म्हणाली. "खोटे आहेत."

"असं सगळेच सांगतात," मॅडम म्हणाल्या. साहेबांनी फाईलवर 'उत्पन्नाबाबत शंका, चौकशी व्हावी' असं लिहिलं. चौकशी म्हणजे सोमवार, आणि सोमवार म्हणजे जागा गेली.

मी इंग्रजीत तोंड उघडलं. "मॅडम, प्लीज" इथपर्यंत गेलो आणि संपलो.

नागमणी गप्प बसली. तिला गप्प मी पहिल्यांदाच बघत होतो. मांडीवर तिची बोटं नुसतीच चालत होती, पान नाही, तंबाखू नाही, तरी विडी वळल्यासारखी. मला फार वाईट वाटलं. गल्लीच्या तोंडाशीच तिला अडवायला हवं होतं, पण मी भ्यालो.

सव्वाचारला बाहेर आरडाओरडा झाला. वॉचमनला बाजूला सारून बोल्लीवहिनी आत आली.

"नागमणी, चारला देते म्हणालीस की! पाचला भाचीचा साखरपुडा आहे. मी काय गळ्यात टॉवेल गुंडाळून जाऊ?"

तिनं साहेबांसमोरच हार काढून घेतला, उजेडात धरून आपलाच आहे ना बघितलं. "हुक वाकवलास बघ."

मागून गड्डमांची सून आली. "पाटल्या दे गं लवकर. सासूला अजून पत्ता नाही." पाटल्या निघेनात, तेव्हा मॅडमच्या टेबलावरचा हात धुवायचा साबण लावला. जाता जाता तिनं बजावलं, "आणि साडी पलीकडं राहणाऱ्या आमच्या जावेची आहे, संध्याकाळी घडी घालून दे."

पाच मिनिटांत नागमणीच्या गळ्यात काळे मणी तेवढे राहिले. भार्गवी तोंड उघडं टाकून आईकडं बघत होती.

साहेब खोकले. आपण लिहिलेल्या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली आणि फाईल पुढं सरकवली. नागमणीनं सावकाश तेलुगूत सही केली.

"सोमवारी आठला घेऊन या," मॅडम खाली बघत म्हणाल्या.

फाटकाबाहेर बोल्लीवहिनी रिक्षा थांबवत होती. नागमणी तिच्याजवळ गेली.

"वहिनी, सोमवारी हार परत पाहिजे."

"आता कशाला अक्का? झालं की काम," मीच मधे बोललो.

"काम झालं अण्णा. पण पोरीनं बघितलं सगळं," नागमणी म्हणाली. "सोमवारी तिची आई बाकीच्यांच्या आयांसारखी दिसली पाहिजे."

बोल्लीवहिनी रिक्षात बसली. हार गळ्यात घातला, पदर सारखा केला.

"सोमवारी सकाळी सातला ये न्यायला," ती म्हणाली. "पण हुक तू नीट करून द्यायचा."