पेशवा एडिशन

कुंभकोणच्या आमच्या घरी नवा कॉम्प्युटर जुळवायचा ठरला, तेव्हा ग्राफिक्स कार्ड निवडायचं काम नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपणहून अंगावर घेतलं. मी बिल्डर लोकांसाठी न बांधलेल्या घरांची थ्रीडी चित्रं करते. जुन्या मशिनवर एक स्वयंपाकघर तयार व्हायला सकाळची संध्याकाळ व्हायची. कार्ड खिशाला परवडणारं हवं होतं, पण कामाला उणं पडायला नको होतं.

नानांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात कावेरीच्या कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली. माप चुकलेलं त्यांना खपत नाही. त्यांनी मोबाइलवर तमिळ व्हिडिओ पाहून पाहून कार्डाची मेमरी म्हणजे काय, ते किती वीज खातं, त्याला वेगळी वायर लागते का, हे सगळं समजून घेतलं. दुकानात जाऊन आमच्या कॉम्प्युटरच्या पेटीची, म्हणजे कॅबिनेटची, आतली लांबी मोजून आले. मग पुठ्ठा कापून कार्डाएवढा तुकडा तयार केला आणि तो मला दाखवून म्हणाले, "हे बसतें. पंख्यास वाराही मिळतो."

शेवटी दोन कार्डं उरली. नानांचा कल त्यांतल्या स्वस्ताकडे होता, आणि तो बरोबर होता. पण त्यांना एकदा जावयाला विचारायचं होतं.

हा जावई माझ्या चुलत बहिणीचा नवरा. काका लवकर गेले, तिला नानांनीच वाढवलं, कन्यादानही त्यांनीच केलं. स्थळ पुण्याचं, मुलगा कॉम्प्युटर इंजिनियर. तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलेल्या आमच्या घराण्याची मुलगी इतक्या पिढ्यांनी परत महाराष्ट्रात चालली म्हणून नानांना मांडवात रडू आलं होतं. उंबऱ्याबाहेर आम्ही सगळे तमिळ बोलतो, पण घरात तमिळ शब्द निघाला तर नाना ताटावरून उठायचे.

त्यांना देवनागरी लिहायला जमत नाही. म्हणून त्यांनी जावयाला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. खाकरून घसा साफ केला आणि सावकाश बोलले, "जावईबापू, आमच्या लेकीस काम करावयास ग्राफिक्स कार्ड हवें. दोन पाहून ठेविलीं आहेत. उत्तम कोणतें, तें कृपा करून सांगावें."

उत्तर लगेच आलं. "काका, ती दोन्ही सोडा. 'पेशवा एडिशन' नावाचं नवं कार्ड आलंय. एकदम स्वस्त. मराठी माणसाला वर सूटही देतात. दुकानात मागा, मिळेल."

मी म्हटलं, "नाना, असलं काही नसतं."

"तुला पुण्याचें काय ठाऊक? तो त्यांतला माणूस आहे." ते खूश होते. पुठ्ठ्याचा तुकडा त्यांनी कचऱ्यात टाकला.

भर उन्हात ते दुकानं हिंडले. पहिल्या दुकानदाराने मान हलवली. दुसऱ्याने विचारलं, "ते काय असतं ऐया? पेशवा म्हणजे कोण?" नानांनी त्याला पेशवा म्हणजे कोण ते समजावून सांगितलं, गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना. जिथे आमचा कॉम्प्युटर जुळत होता तिथल्या माणसाने कंपन्यांच्या याद्या उघडून दाखवल्या आणि हसू दाबत म्हणाला, "सार, कोणीतरी तुमची फिरकी घेतलीय." नाना घरी येऊन म्हणाले, "कुंभकोणात अजून आलें नसेल."

त्याच आठवड्यात चेन्नईच्या एका नातलगाने त्यांना एक व्हिडिओ पाठवला. खाली विचारलं होतं, "हा आवाज तुमचाच ना?" आम्ही जेवायला बसलो होतो. नानांनी चष्मा लावला. पडद्यावर पगडीवाल्या माणसाचं चित्र, मागे तुतारी, आणि नानांचा आवाज: "जावईबापू, आमच्या लेकीस..." खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "थेट सतराव्या शतकातून कॉल." नानांना ते पटकन वाचता आलं नाही. त्यांचा चेहरा फुलला. "बघ, माझा आवाज कोठवर गेला," ते आईला म्हणाले.

मग हसणं ऐकू आलं. चारपाच पुरुष पोटभर हसत होते, आणि त्यात जावयाचा आवाज: "थांबा रे, आता म्हाताऱ्याला कसा दुकानोदुकानी फिरवतो बघा."

नानांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. फोन पालथा ठेवला आणि आईकडे बघून तमिळमध्ये ताक मागितलं. आई जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा मागितलं, तमिळमध्येच.

त्या दिवसापासून त्यांनी मराठी सोडली. मी कार्डाबद्दल विचारलं, तर "तुझं तू बघ," तेही तमिळमध्ये. मी त्यांनीच निवडलेलं कार्ड आणलं. ते कॅबिनेटमध्ये अलगद बसलं, कामही झपाट्याने व्हायला लागलं. नाना खोलीत बघायला आले नाहीत.

मे महिन्यात बहीण, जावई आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "त्याच्याशी मराठी अक्षर बोलायचं नाही." मी आनंदाने कबूल झाले. जावयाचं आदरातिथ्य आम्ही कुठेही कमी पडू दिलं नाही. केळीच्या पानावर सगळं होतं, आणि नाना समोर बसून आग्रह करत होते, "साप्पिडुंगो माप्पिळ्ळै!" म्हणजे, जेवा जावईबापू. त्याच्यासमोर आम्ही त्याच्याबद्दल तमिळमध्ये बोलायचो, हसायचो, आणि त्याने बघितलं की गप्प व्हायचो. दुसऱ्या दिवशी तो अर्ध्या पानावरून उठला. मला ते बघायला आवडत होतं.

शेवटी तो नानांसमोर जाऊन उभा राहिला. "काका, ती नुसती गंमत होती हो. ऑफिसातल्या पोरांनी पुढे पाठवलं. चुकलं माझं."

नाना शांतपणे माझ्याकडे वळले आणि तमिळमध्ये विचारलं, "काय म्हणतायत हे?"

जावयाला शब्द कळला नाही, पण अर्थ कळला. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. बहिणीला दोन्ही कळलं. ती मराठीत म्हणाली, "काका, माझ्याशी तरी बोला. मी काय केलं?" नानांनी तिला तमिळमध्येच सांगितलं, की तुझी तब्येत उतरलीय, जरा दूध पीत जा.

छोटीला तमिळ येत नव्हतं. तिने त्यांचं धोतर ओढून विचारलं, "आजोबा, तुम्ही मला गोष्ट का नाही सांगत?" मला वाटलं, आता त्यांचा निश्चय मोडेल. नाना वाकले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अंगणात निघून गेले.

स्टेशनवर जावई सामान घेऊन पुढे डब्यात चढला. बहीण माझ्यापाशी थांबली. "त्याला तुम्ही शिक्षा केलीत, ठीकच केलंत," ती म्हणाली. "पण तो पुण्याला जाऊन मित्रांशी बोलेल, हसेल. मी कुणाशी बोलू? तिथे माझ्या मराठीला हसतात, म्हणून तर इथे येत होते."

गाडी हलली तेव्हा तिने खिडकीतून हात केला नाही. घरी येऊन मी नानांना तिचे शब्द सांगितले, मराठीत. ते पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.