वरची दाढ

आमच्या गावात पोराची दाढ दुखली की आधी लवंग, मग तोंडात रिंगणीच्या बियांचा धूर, मग अंगारा, आणि गाल सुजून डोळा मिटायला लागला की दवाखाना. म्हणजे पोराने दवाखाना पहिल्यांदा पाहायचा तो अर्धमेलं होऊनच. मी धूर घेतला, तोंड भाजून घेतलं, अंगारा लावला. दाढ ठणकायची ती ठणकतच राहिली. त्या धुराचा राग मी अजून सोडलेला नाही.

आम्ही ढिवर. तलावातल्या मासळीवर घर चालायचं. फाटलेली जाळी सांधायचं काम माझ्याकडे होतं, कारण घरात माझे डोळे सगळ्यात तेज. घोळ झाला तो त्यामुळेच. दुखरी दाढ वरची होती, आणि वरची दाढ काढली की डोळे जातात, ही आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ. खालची खुशाल काढा, वरचीला हात लावायचा नाही.

गाल टम्म फुगला तेव्हा बाप मला बैलबंडीत घालून चांद्याच्या दवाखान्याकडे निघाला. वाटेत त्याने मला पढवलं. डॉक्टरने विचारलं तर खालची दाढ दाखवायची. तीही थोडी किडलेली होतीच. एक दाढ गेली की कीड रक्ताबरोबर वाहून जाईल आणि वरचीही थांबेल, असा त्याचा हिशेब. त्याची माया खोटी नव्हती. पण ठणका त्याच्या तोंडात नव्हता.

दाताच्या खोलीबाहेर गाल बांधलेली पोरं बसली होती. काही दुखत नसताना आलेलं त्यांत एकही नव्हतं. मला खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरने विचारलं ते बापाला. पोरांना तेव्हा कोण विचारतो! तोंड पोराचं, जबाब बापाचा. खालची दुखते, असं बापाने सांगितलं. डॉक्टरने खालची काळी दाढ पाहिली, मान हलवली आणि सुई भरायला घेतली.

मी सरळ वरच्या दाढेवर बोट ठेवलं.

"खालची नाई. हे दुखून राह्यली."

बापाने माझा हात खाली ओढला. वरची काढली तर पोर आंधळी होईल, असं तो हात जोडून सांगू लागला. डॉक्टर हसला. मला त्याचाही राग आला, कारण बाप खरोखर भ्यायला होता. दाढेचा आणि डोळ्याचा संबंध नाही, असं डॉक्टरने मग नीट समजावलं, पण बाप जागचा हलेना.

"बाबा, डोळे माहे हायेत," मी म्हणाले. "गेले त माहे जातीन. काढू दे."

दाढ निघाली. परतीच्या वाटेवर बाप बैलांशी बोलला, माझ्याशी नाही. घरी शेजारणी जमल्या आणि माझ्या डोळ्यांपुढे बोटं नाचवून किती आहेत विचारू लागल्या. मी कंटाळून मुद्दाम चुकीचं सांगायला लागले. आत्याने तर गळाच काढला.

दुसऱ्या दिवशी बापाने सगळ्यात बारीक जाळं माझ्यापुढे टाकलं. मी मान वर न करता तिन्हीसांजेपर्यंत सांधत बसले. त्याने ते उजेडाकडे धरून बोटांनी चाचपलं. जाळ्याचं एकही घर सुटलेलं सापडलं नाही. त्याने ते खुंटीला टांगलं.

पुढच्या उन्हाळ्यात धाकटी बहीण म्हणाली, गूळ खाताना दाढेत सणक येते. गाल सुजला नव्हता, ताप नव्हता. आत्या रिंगणीच्या बिया शोधायला उठली, तोवर बापाने बंडी जुंपलीसुद्धा. मीही चढून बसले.

दाताच्या खोलीत तोच डॉक्टर होता. त्याने बहिणीला खुर्चीत बसवलं आणि सवयीने बापाला विचारलं, कोणती दुखते?

बाप भिंतीला टेकून उभा राहिला.

"मले काऊन इचारता, साहेब? तिले इचारा."