कायद्याचा पेपर

दामोदर गेल्याचं मला कळलं तेव्हा मी एका गिरणीमालकांशी बोलत बसलो होतो. दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला. आत आला नाही, उंबऱ्यापलीकडूनच म्हणाला, "बालकुमवरून आलोय. आमचा दामू सकाली गेला." मी "बरं" म्हणालो. तोच शब्द तोंडातून का निघाला ते सांगता येणार नाही... गिरणीमालकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मी त्यांचं उरलेलं बोलणं ऐकून घेतलं. मग टॅक्सी करून ठाण्याजवळ बाळकुमला पोचलो, तोवर गावकरी खाडीकाठच्या स्मशानातून परतायला लागले होते.

कावीळ झाली होती. छत्तीसावं वर्ष चालू होतं. आता या गोष्टीला सहा आठवडे झाले. दामोदर भोईर आमच्या ऑफिसचा मुख्य हिशेबनीस होता आणि बाळकुमातला पहिला पदवीधर. त्याच्याविषयी मी लिहावं असं या पुरवणीच्या संपादकांनी सुचवलं, तेव्हा मी 'निष्ठावान सहकारी' वगैरे लिहीन अशी त्यांची अपेक्षा असणार. शोकसभेत मी तसं बोललोही, लोकांनी माना डोलावल्या. पण त्या दिवसापासून मला ते शब्द चावत आहेत. दामोदरविषयी खरं लिहायचं तर कायद्याच्या पेपराविषयी लिहावं लागेल आणि ते लिहिणारा माणूस वाचकांना आवडणार नाही.

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती तेव्हा आम्ही दोघं फोर्टातल्या एका हिशेब तपासनिसांकडे उमेदवार म्हणून लागलो. त्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणत असू. सी.ए. व्हायचं तर अशी काही वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढायची, मधली परीक्षा द्यायची आणि शेवटी फायनल. मी डोंबिवलीचा, शिक्षकाचा मुलगा. दामोदरच्या बापाचं बाळकुमच्या खाडीलगत थोडं भात आणि मिठागरावर काम. मला ही जागा वडिलांच्या ओळखीने मिळाली होती, दामोदरला त्याच्या गुणांवर. हे आम्ही दोघंही जाणून होतो आणि त्यावर कधी बोललो नाही.

रविवारी तो अभ्यासाला आमच्याकडे डोंबिवलीला यायचा. तेव्हा डोंबिवलीत घरं मोजकी, मागच्या दाराशी विहीर आणि पुढे शेतं. आम्ही ओसरीवर चटई टाकून बसायचो. एकदा त्याच्या आईने माझ्या आईसाठी म्हणून सुकटीची पुडी पाठवली. आमच्याकडे मासळी चालत नव्हती, त्या बाईला ते ठाऊक नव्हतं. आईने पुडी पायरीवरच ठेवायला लावली आणि दिवसभर ती तिथेच राहिली. संध्याकाळी निघताना दामोदरने ती उचलून पिशवीत टाकली. मी पुस्तकात बोट घालून बसलो होतो. पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा आला आणि आईला म्हणाला, "काकू, आईने विचारलंय, तांदूळ चालतील का?" तांदूळ चालले. वर्षभर आम्ही त्याच्या घरचे तांदूळ खाल्ले.

त्याच्यासारखं डोकं मी पुन्हा पाहिलं नाही. एका कंपनीच्या पोटात दुसरी कंपनी असली की दोघींचा ताळेबंद एकत्र कसा मांडायचा, यावर मी महिनाभर अडलो होतो. दामोदरने बोट पाण्यात बुडवून फरशीवर चौकोन काढले. "अरे लिमये, मिठागर बघितलंयस ना? खाडीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घेतात, मग तिथून लहान वाफ्यांत सोडतात. पाणी एकच असतं. तळ्यात मोजलंस तर वाफ्यात पुन्हा मोजायचं नाही. एवढंच आहे." पुढे माझ्या हाताखाली आलेल्या उमेदवारांना मी हेच उदाहरण देत आलो. कुणाचं ते कधी सांगितलं नाही.

फायनलची परीक्षा वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये. ज्याने हे महिने ठरवले त्याच्या मनात बाळकुम असण्याचं कारण नव्हतं. मे म्हणजे मिठाचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा उपसा, पाऊस यायच्या आत रास झाकली पाहिजे. नोव्हेंबर म्हणजे भाताची कापणी आणि झोडणी. पहिल्या खेपेला आम्ही दोघं बसलो आणि दोघंही नापास झालो. मी अभ्यास करून नापास झालो. तो पंधरा दिवस मीठ ओढून, तळव्यांना चिरा पडलेल्या असताना, हाताला फडकं गुंडाळून पेपर लिहून नापास झाला. दुसऱ्या खेपेला बापाच्या आजारपणामुळे त्याला बसताच आलं नाही आणि त्याच्याशिवाय मी पुन्हा आपटलो.

मग साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं वय झालं होतं, मुलगा डॉक्टर झाला होता. म्हणाले, "तुमच्यापैकी जो आधी पास होईल त्याला मी भागीदार करून घेईन. एकदम झालात तर ज्याला गुण जास्त त्याला. दुसऱ्याने त्याच्या हाताखाली राहायचं. मला पाटीवर एकच नाव वाढवायचं आहे." बाहेर आल्यावर दामोदर हसला. "तुझ्या हाताखाली राहीन मी, काय त्यात. पण तू राहशील का रे माझ्या?" मी "म्हणजे काय" असं काहीतरी म्हणालो. माझं उत्तर मला त्याच क्षणी ठाऊक होतं. बहुतेक त्यालाही असावं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता खाडीला मोठं उधाण आलं आणि बाळकुमच्या शेतांचा बांध फुटला. खारं पाणी पोटरीला आलेल्या, लोंब्या धरू लागलेल्या भातात शिरलं. सगळं गाव बांधावर गेलं, त्यात दामोदरही. ऑफिसात रजेचा अर्ज देऊन जाताना तो मला म्हणाला, "पुस्तकं घेऊन चाललोय, दुपारी वाचीन. परीक्षेचं काही नवीन कळलं तर तेवढं सांग." मी हो म्हणालो.

नवीन कळलं. कंपन्यांचा नवा कायदा तेव्हा नुकताच लागू झाला होता, पण यंदाचा पेपर जुन्याच कायद्यावर निघेल असा सगळ्यांचा समज होता आणि आम्ही जुनाच घोकत होतो. परीक्षेला तीन आठवडे उरले असताना साहेबांच्या हाती एक परिपत्रक आलं: पेपर नव्या कायद्यावर. त्यांनी ते मला दिलं, शिवाय नव्या कायद्याची आपली स्वतःची प्रत दिली आणि म्हणाले, "यातलं महत्त्वाचं टिपून घे. आणि भोईरला आजच कळव."

त्या दिवशी मी कळवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोस्टकार्ड टाकायचं तर दोन पैशांचं काम होतं. मी स्वतःला सांगितलं की असली गोष्ट कार्डावर लिहिण्यासारखी नाही, प्रत्यक्ष जाऊन सांगावी आणि टिपणंही द्यावीत. तोवर मी ती टिपणं पाठ करत होतो. रविवारी टिपणं पिशवीत घालून ठाण्याला उतरलो आणि बाळकुमच्या रस्त्याला लागलो. माजिवड्याच्या नाक्यावर एक चहाचं दुकान होतं, तिथे बाकावर टेकलो. समोरून बांधासाठी मुरूम भरलेल्या बैलगाड्या जात होत्या. एक चहा घेतला, दुसरा घेतला. मनात हिशेब चालू होता: त्याचं डोकं असं आहे की उरलेल्या दिवसांतही तो नवा कायदा सहज तयार करील. मग बाकीचे पेपर त्याचे माझ्यापेक्षा चांगले जाणारच. मग पाटी... दुसऱ्या चहाचे पैसे देऊन मी उठलो आणि ठाणे स्टेशनकडे वळलो. घरी आईने विचारलं, "भेटला का भोईर?" मी म्हणालो, "कामात होता."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

परीक्षेत माझ्यापुढे दोन रांगा सोडून तो बसला होता. मान काळवंडलेली, नखांत चिखल. कायद्याच्या पेपराच्या दिवशी प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या. मी पहिला प्रश्न वाचला आणि वर पाहिलं. दामोदर कागद हातात धरून स्थिर बसला होता. मग त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहून लिहायला लागलो. तीन तास त्याने काय लिहिलं देव जाणे, पण वेळ संपायच्या आत तो उठला नाही.

निकाल लागला. मी पास झालो, जेमतेम. तो एका पेपरात नापास, आणि एका पेपरात कमी पडलं की त्या गटाचे सगळे पेपर पुन्हा द्यायचे. बाकीच्या प्रत्येक विषयात त्याला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला, माझा हात हातात घेऊन त्याने अभिनंदन केलं. जिन्यात आम्ही दोघंच होतो.

"साहेब म्हणत होते, परिपत्रक आलं होतं."

"हो. म्हणजे... मी निघालो होतो द्यायला."

तो एक पायरी खाली उतरला. मग म्हणाला, "मी बांधावर होतो. घरी कुणी भेटलं नसेल तुला."

त्याने माझ्यापुढे पळवाट धरली होती. मी ती घेतली. "हो ना," म्हणालो, "कुणीच नव्हतं."

त्यानंतरच्या सोमवारी तो फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "तुम्ही एकदा हे बघून घ्या." मला वाटलं, चेष्टा करतोय. "अरे, तुम्ही काय?" तो शांतपणे म्हणाला, "आता पाटीवर नाव लागेल. चारचौघांत बरं दिसत नाही." चारचौघांत म्हणून सुरू झालेलं ते 'तुम्ही' एकांतातही तसंच राहिलं. रागाने बोलला असता, भांडला असता, दुसरीकडे नोकरी धरली असती, तर मी कदाचित सुटलो असतो. त्याने काहीच केलं नाही. वेळेवर यायचा, मान खाली घालून काम करायचा आणि मला तुम्ही म्हणायचा. डोंबिवलीच्या घरी तो पुन्हा आला नाही. आई विचारायची, "भोईर येत नाही हल्ली?" बिचारीला वाटायचं, तिच्या त्या पायरीवरच्या पुडीमुळे.

फायनलचा अर्ज त्याने नंतर दोनदा भरला. एकदा मेमध्ये, तेव्हा बाप वारला. एकदा नोव्हेंबरात, तेव्हा सगळं ठीक होतं तरी तो गेला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "पास होऊन करायचं काय? साहेबांना एकच नाव हवं होतं." कडवटपणाचं एवढं एकच वाक्य त्याच्या तोंडून मी ऐकलं, आणि तेही त्याने खिडकीबाहेर बघत म्हटलं.

तेराव्याला मी बाळकुमला गेलो. मंडळी जेवून उठली तेव्हा दामोदरची बायको ओट्यावर येऊन बसली. मी तिला म्हणालो, "वहिनी, दामोदरसारखा माणूस मला मिळाला नाही." असं म्हणायचं असतं म्हणून म्हणालो.

"तुमी आलावता ना एकदा," ती म्हणाली. "बांध फुटला त्या वर्साला. नाक्यापर्यंत."

तिच्या आवाजात राग नव्हता, घडलेलं जसं आठवत होतं तसं ती सांगत होती. मुरमाच्या गाडीवर दामोदरचा चुलता होता. एकदा तो दामोदरकडे ऑफिसात आला होता म्हणून मला ओळखायचा, मी त्याला ओळखत नव्हतो. बांधावर पोचल्यावर तो दामोदरला म्हणाला, तुझा दोस्त नाक्यावर चहा पितोय, तुझ्याकडंच निघालेला दिसतोय. "हे लगेच घरा आले. हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला. मना बोलले, चा ठेव, लिमये येतोय. मंग इथंच बसले, या ओट्यावर. मी बोल्ली, येल झाला, नाक्यावर जाऊन बघा ना. तर बोलले, तो येतोय तर येऊ दे." तिने ओट्यावर सांडलेली शितं वेचून बाजूला केली. "अंधार पडला तवा सदरा काडून ठेवला नि परत बांधावर गेले."

म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये त्याने मागे वळून पाहिलं तेव्हा त्याला सगळं कळलं होतं. जिन्यात "घरी कुणी भेटलं नसेल" म्हणाला तेव्हाही. त्याला फक्त मी काय म्हणतो ते ऐकायचं होतं... आणि मी "कुणीच नव्हतं" म्हणालो.

दामोदरच्या थोरल्या मुलाची फी ऑफिसातून भरायचं ठरवलं आहे. वहिनींनी अजून हो म्हटलेलं नाही आणि मला आग्रह करायचं तोंड नाही.

दामोदरचं टेबल अजून तसंच आहे. आजारी पडायच्या आधी त्याने तीन ताळेबंद तयार करून ठेवले होते. मुदत आली म्हणून गेल्या सोमवारी मी ते सहीला घेतले. माझी सही कुठे व्हायची तिथे तो पेन्सिलीने एक बारीक फुली करून ठेवत असे, म्हणजे मला शोधावं लागू नये. तिन्ही कागदांवर ती होती. मी सह्या केल्या. शाई वाळल्यावर दिसलं की माझ्या नावाच्या मधून त्याची फुली डोकावते आहे. याआधी ती कधी दिसली नव्हती. सही झाली की कागद परत नेऊन तो आपल्या हाताने ती खोडून टाकत असे.