कपाळाला हात लावलेली माणसं

इराक्लिओ या ग्रीक शहराच्या बाजारात माझं दुकान वाळवलेल्या पाल्याचं आहे. डोंगरातला चहा, तमालपत्र, रानओव्याच्या जुड्या आणि थोडा मध. माझ्या एका बाजूला खाटीक, दुसऱ्या बाजूला रोदांथी. बावीस वर्षं आमच्या दोघींत एकच भिंत आहे. त्या भिंतीतली एक वीट आम्ही काढून ठेवली आहे, कॉफीचा कप इकडून तिकडे द्यायला.

रोदांथी मातीची माणसं करते. वीतभरही नाहीत, जेमतेम हाताच्या बोटाएवढी. छाती पुढे काढून उभं राहिलेलं माणूस, एक हात कपाळाला. चार हजार वर्षांपूर्वी आमच्याकडचे लोक अशी माणसं करून डोंगरमाथ्यावर देवापुढे ठेवून यायचे. आता ती संग्रहालयात आहेत आणि त्यांच्यासारखी दिसणारी रोदांथीच्या फळीवर.

येणारा प्रत्येक परदेशी तेच विचारतो. हा सलाम करतोय का? याचं डोकं दुखतंय का? बावीस वर्षांत मला त्या प्रश्नाचा वीट आला, तिला नाही. ती उलट विचारते, "तुम्हाला काय वाटतं?" आणि मान तिरकी करून ऐकत बसते. कुणी म्हणतं, डोळ्यांवर ऊन येतंय. एक स्पॅनिश बाई म्हणाली होती, "घरी काहीतरी विसरून आलाय आणि आत्ता आठवलंय." रोदांथीला ते इतकं आवडलं की तिने त्या बाईला दोन माणसं फुकट दिली.

ही खोड तिला लहानपणापासूनची. तिचं गाव त्या डोंगराच्या पायथ्याशी. ती सतरा वर्षांची असताना वर खोदकाम सुरू झालं आणि गावातल्या मुलींना खापऱ्या आणि मूर्तींचे तुकडे धुवायचं काम मिळालं. बाकीच्या मुली मजुरी घेऊन घरी जायच्या. ही मात्र दात घासायच्या ब्रशने खापऱ्या घासता घासता खोदकामावरच्या साहेबांना भंडावून सोडायची. हे कुणी केलं, कशावर भाजलं, चेहरा असा चिमटीत धरल्यासारखा का? "पोरी, तू ब्रश चालव," असं ते म्हणायचे.

उत्तर मिळेना म्हणून ती स्वतःच करायला लागली. लग्न होऊन शहरात आली तरी ते सुटलं नाही. नवरा मानूसोस ट्रक चालवायचा. अंगणात माती भाजायचा आवा पेटला की धुराने शेजारी बोंब मारायचे, आणि तो बिचारा राकीची बाटली घेऊन घरोघर समजूत काढत फिरायचा. सहा वर्षं तिच्या मनासारखं एकही माणूस भाजून निघालं नाही. शेवटी तिने गावच्या ओढ्यातली माती आणली आणि ऑलिव्हच्या छाटलेल्या फांद्यांवर भाजून पाहिलं. तेव्हा कुठे त्या जुन्या खापऱ्यांचा रंग उतरला.

पण त्या रंगाला बाजारात भाव नाही. समोरच्या दुकानात खोक्यांतून प्लॅस्टरच्या देवी येतात, चकचकीत, दोन्ही हातांतल्या सापांसकट. दृष्ट लागू नये म्हणून टांगायचे काचेचे निळे डोळे, ऑलिव्हच्या लाकडाचे चमचे, फ्रिजवर चिकटवायच्या पवनचक्क्या. लोक तिकडे वळतात. रोदांथीची माणसं मळकट विटेसारखी उभी असतात. दिवसाला दोन गेली तर खूप. माती ओली असताना प्रत्येकाच्या तळपायावर ती केसांच्या पिनेने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरायची, म्हणजे जुनं समजून कुणी फसायला नको.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात टोर्बेन नावाचा एक डॅनिश माणूस बाजारात आला. भूगोलाचा निवृत्त मास्तर. उंच, जरा वाकलेला, हातात वही. बाकीचे प्रवासी तासाभरात बाजार उरकतात. हा चार दिवस फिरत होता. माझ्याकडे अकरा पाले हुंगून त्याने चहाची एक पुडी घेतली आणि विचारलं, "इथले लोक स्वतःसाठी काय विकत घेतात?"

"बटाटे," मी म्हणाले.

त्याने ते वहीत लिहून घेतलं. मग शेजारी गेला, तो दीड तास बाहेर आला नाही. भिंतीतल्या त्या भोकातून मला ऐकू येत होतं. रोदांथी तिच्या बाजारी इंग्रजीत बोलत होती, तो खोदून खोदून विचारत होता. शेवटी त्याने मागच्या फळीवरचं एक माणूस उचललं. त्याच्या पायावर अक्षर नव्हतं. ते करत असताना मी तिला कॉफीला हाक मारली होती, आणि ती परत जाईपर्यंत माती वाळली होती.

"हे नको, हे विकायचं नाही," ती म्हणाली.

"पण हाच माझ्याकडे बघतोय," तो म्हणाला.

तिने वीस युरोला दिलं. बिलाच्या यंत्रातला कागद संपला होता. तिने ते वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि त्याने ते माझ्या चहाच्या पिशवीत टाकलं. पिशवीवर माझ्या दुकानाचा नंबर छापलेला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावरून फोन मला आला.

एका प्रवाशाच्या सामानात पुरातन वस्तू सापडली आहे. बाजारात घेतली म्हणतो. पावती नाही. तुम्ही ओळखता का?

मी दुकानाला कडी लावली आणि रोदांथीला एप्रनसकट टॅक्सीत घातलं.

खोलीत टोर्बेन खुर्चीवर बसला होता, गुडघ्यावर वही. टेबलावर पांढऱ्या ताटात ते मातीचं माणूस, कपाळाला हात लावून. एक अधिकारी होता, आणि संग्रहालयातून बोलावलेली दानाई नावाची तरुण पुराणवस्तू-तज्ज्ञ, डोळ्याला भिंग लावलेली.

"रोदांथीबाई, हे तुम्ही केलंय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मीच. डावा पाय जाड झालाय बघा. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं."

"याला पुरावा काय?"

दानाईने भिंग खाली ठेवलं. "माती त्याच डोंगराखालची आहे," ती म्हणाली. "भाजणंही तसंच. नुसतं बघून मला सांगता येत नाही. आणि मला सांगता येत नाही असं सहसा होत नाही."

रोदांथीचे कान लाल झाले. "पोरी, परत एकदा म्हण की."

"बाई, हे कौतुक चाललेलं नाही," अधिकारी म्हणाला. "प्रकरण गंभीर आहे."

"हो, हो. पण ती काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंत ना?"

मी तिला खालून चिमटा काढला. तिला काही फरक पडला नाही.

शेवटी असं ठरलं, की रोदांथीने दानाईच्या डोळ्यांदेखत तसंच दुसरं माणूस करून, भाजून दाखवायचं. तोवर वस्तू दानाईच्या ताब्यात. टोर्बेनचं विमान गेलं. मला वाटलं होतं तो चिडेल. त्याने फक्त विचारलं, "मला बघायला येता येईल का?"

तो रोदांथीकडेच उतरला. मानूसोसला जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, त्याची खोली रिकामीच होती. रात्री तिने टोर्बेनला गोगलगायी शिजवून वाढल्या. त्याने त्या मोजून खाल्ल्या.

सकाळी आम्ही चौघं अंगणात बसलो. रोदांथीने माती मळली, वळी केली, चिमटीने नाक काढलं. हात वळवून कपाळाला चिकटवायची वेळ आली तेव्हा दानाई एकदम पुढे झुकली.

"थांबा. आत्ता काय केलंत?"

"कुठे काय? हात लावला."

"दुसऱ्या हाताने काय केलंत?"

रोदांथीने स्वतःच्या डाव्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. तिचा अंगठा मूर्तीच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये रुतला होता. "मागून टेकू नको? पुढून दाबलं की मान मोडते."

दानाईने त्या अंगठ्यापाशी भिंग नेलं. मग म्हणाली, "आमच्याकडच्या कितीतरी मूर्तींच्या पाठीवर असा खळगा आहे. त्यावर वीस पानांचा लेख आहे. दोरी बांधून झाडाला टांगायची सोय होती म्हणून."

"टांगायला?" रोदांथी म्हणाली. "अगं, मला विचारायचं की. रविवार सोडून बाजारात बसलेलीच असते मी."

टोर्बेनला मी हे इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही. त्याने थोडी माती मागितली आणि स्वतः करून पाहिलं. मान मोडली. परत केलं, परत मोडली. तिसऱ्यांदा त्याने अंगठा मागे लावला.

दुपारी आवा पेटवला, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला. दोन माणसं शेजारी ठेवली, तर दोघांतलं कालचं कुठलं ते रोदांथीलासुद्धा पाय बघूनच सांगता आलं. कागदपत्रं झाली. अधिकाऱ्याने वस्तू सोडायला एकच अट घातली, की पायावर अक्षर हवं. तिने ते खिळ्याने कोरलं. टोर्बेन तिसऱ्या दिवशी गेला. जाताना बाजारात थांबून त्याने एक किलो बटाटे घेतले.

ही बातमी स्थानिक वर्तमानपत्रात आली आणि दोन महिने आमच्या गल्लीत चालायला जागा नव्हती. समोरच्या दुकानदाराने पाटी लावली, 'विमानतळवाले ज्याला फसले, ते हेच', आणि खाली खोक्यातली प्लॅस्टरची माणसं मांडली. मी भांडायला निघाले होते. रोदांथी माझ्याआधी तिथे पोचली, पण भांडायला नाही. एक हातात घेऊन, उलटं करून विचारत होती, "साच्यातून काढताना याचा हात तुटत नाही का रे?"

आता दर सोमवारी ती दुकान बंद ठेवते. दानाईने तिला संग्रहालयाच्या कोठारात यायची परवानगी मिळवून दिली आहे. एकदा मलाही नेलं होतं. कपाटभर खण, आणि खणांत कापसावर ठेवलेली माणसं. रोदांथी हातमोजे घालून एकेक उचलते, पाठ बघते, अंगठ्याचा खळगा बघते, दानाई लिहून घेते. चांगल्या चांगल्या मूर्तींवरून ती झरझर पुढे गेली. थांबली ती एका वेड्यावाकड्या मूर्तीपाशी. तिचा हात कपाळावर न पोचता कानावरच चिकटला होता.

"हे शिकाऊ माणसाचं काम," ती म्हणाली. "तरी कुणीतरी हे टाकून न देता एवढा डोंगर चढून वर नेलं. का नेलं असेल गं?"

"नाही सांगता येत," दानाई म्हणाली.

तेव्हापासून रोदांथी तसली बिघडलेली माणसं करते आहे. फळीवर त्यांची रांग लागली आहे. एकही विकलं गेलेलं नाही.

"कोण घेणार असलं ध्यान?" मी विचारलं.

"न घेईना कुणी. तिला नेमकं काय जमत नव्हतं, ते मला कळायला हवं."

"तिला? बाई होती कशावरून?"

"बोटं बारीक आहेत."

त्या शिकाऊ बाईसारखं चुकणं काही रोदांथीला साधेना. हात सवयीने बरोबर कपाळावरच जायचा. गेल्या सोमवारी ती संग्रहालयातून घाईघाईने परतली आणि तशीच माझ्या दुकानात शिरली. एक जर्मन जोडपं मध चाखत उभं होतं. तिला त्याचं भान नव्हतं.

"अर्गिरो, ती शिकाऊ बाई डावखुरी होती. खळगा उलट्या बाजूला कलतोय. तू डाव्या हाताने पुड्या बांधतेस ना?"

"बांधते. मग?"

"मग ऊठ."

मधाचं बिल करून मी तिच्या मागोमाग गेले. तिने माझ्यासमोर मातीचा गोळा ठेवला, स्टूल ओढलं आणि माझ्या हातांजवळ तोंड आणून बसली. माती गार होती. मी वळी केली, डोकं केलं, नाकाच्या जागी काहीतरी ओढलं. मग हात वळवून कपाळापर्यंत न्यायला गेले.

"दाबू नकोस," ती कुजबुजली. "तुला येईल तसंच कर."

मला काही येत नव्हतंच.