तात्यांचा दूध पाजणारा मासा

परीक्षेच्या उत्तरपत्रिका सोडल्या तर छापण्यासारखे मी आजवर काही लिहिलेले नाही. धोंडूतात्यांविषयी लिहायला माझ्याहून जाणता माणूस हवा होता. पण आमच्या वेल्ह्याच्या खोऱ्यात लिहिणारे हात थोडे, आणि जे घडले त्यात थोडा दोष माझाही आहे... तेव्हा वाचकांनी हे धाडस पोटात घालावे.

तात्या माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. मागच्या महायुद्धात ते घाट उतरून मुंबई बंदरावर गेले आणि आगबोटीच्या भट्टीत कोळसा लोटायला लागले. एकदा आफ्रिकेच्या शेवटच्या टोकाशी धुक्यामुळे बोट काही दिवस एका खडकाळ बेटाजवळ अडकली आणि तात्या पडावातून, म्हणजे बोटीवरच्या लहान होडीतून, बेटावर उतरले. गावी परतल्यावर भैरोबाच्या देवळात त्यांनी सांगितले, की तिथे कुत्र्याच्या तोंडाचे, मिशा असलेले, रेड्याएवढे मासे खडकावर पसरून पडतात आणि पिलांना दूध पाजतात. आणि बदकाहून मोठे पांढरे पक्षी अंडे पायाखाली धरून उबवतात.

"पायाखाली? फुटत न्हाई व्हय?" आप्पा गुरव म्हणाले. "आन् मासा दूध देतोय! मंग आमची म्हसरंबी सोडू की समुद्रात, धोंडिबा!"

देऊळभर हशा पिकला. तात्या तापट. त्यांनी तिथल्या तिथे बेलभंडार उचलून शपथ घेतली, की पाहिले तेच सांगतो. पंधरा दिवसांत त्यांचा एकुलता एक मुलगा तापाने गेला. खोटी शपथ पोराला भोवली, असे गाव म्हणाले. काकी काहीच म्हणाल्या नाहीत... आणि तेच तात्यांना वीस वर्षे पुरले. भाकरी वेळेवर, पाणी वेळेवर. पण त्या बेटाचे नाव निघाले की काकी उठून जात.

मॅट्रिकच्या सुट्टीत खाचराचा बांध घालताना मी भीत भीत विचारले, "तात्या, तुमी खरंच बघितलं?"

ते चिडले नाहीत. "हजारांनी असत्यात रं. आई समुद्रातनं येती, वराडती, आन् त्या गलक्यात तिचंच पिल्लू ओ देतं. दुसऱ्याचं आलं तर हुसकती." जरा थांबून म्हणाले, "तू पुन्याला चाललायस. तितं पुस्तकं असत्याल. बघ की... माज्यासाठी न्हाई. हिच्यासाठी."

कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजी वाचताना मला धाप लागे, आणि विचारायचे कोणाला हेही कळेना. दुसऱ्या वर्षी प्राण्यांवरच्या एका जाड पुस्तकात ते सापडले. सील नावाचे जनावर. आईची हाक, पिलाची ओ, सगळे होते. दुसऱ्या पुस्तकात तो पक्षीही होता, पडद्याच्या पायांनी अंडे झाकून बसलेला. तात्यांचे चुकले ते एवढेच, की त्या जनावराला त्यांनी मासा म्हटले. मी सगळे मराठीत उतरवले, चित्रे काढली... आणि टपालात टाकले नाही. दिवाळीला स्वतः नेऊन देईन, तात्यांचा चेहरा पाहीन, असा मला मोह झाला. दसऱ्याच्या आधीच वडिलांचे कार्ड आले. दोन दिवसांच्या आजाराने तात्या गेले होते.

ते कागद मग मी गावच्या मास्तरांकडे पाठवले, काकींना वाचून दाखवा म्हणून. उत्तर आले नाही. व्हायचा तो उशीर झाला, असे मी मनाशी धरून बसलो.

गेल्या आठवड्यात वडील तांदूळ घेऊन पुण्याला आले, तेव्हा सांगू लागले. मास्तरांनी ओट्यावर बसून सगळे वाचले. काकींनी चित्रे हातात घेतली. हाकेचा आणि ओ देण्याचा मजकूर त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग विचारले, "ह्ये छापल्यालं हाय? इंग्रजांनीबी बघितलंय?"

"होय, बाई."

काकींनी चित्रे मांडीवर ठेवली.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "माजं पोर तापानंच गेलं."