ताटावरचा हात

मंगळवारी दुपारी, टीव्हीवर बातम्या चालू असताना, आमच्या मेसमध्ये दिलिनीचा अपमान झाला. ती शेजारच्या देशातून इथे शिकायला आली आहे. तिच्या सरकारने तिजोरी वाचवायला आपल्या देशाकडे कर्ज मागितलंय आणि त्याच्या अटींवरून तिचं आणि आपलं सरकार एकमेकांवर गुरगुरतायत. वाढणाऱ्या मावशी गरम पोळी घेऊन तिच्यापाशी आल्या, तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून अभिजित म्हणाला, "मावशी, जपून वाढा. यांचे हप्ते थकतात."

सगळे हसले. मावशी म्हणाल्या, "तू गीळ गुमान."

दिलिनीने ताटावर हात आडवा धरला. नको म्हणायची ही आपली पद्धत तिला मावशींनीच शिकवली होती. मावशी पुढे गेल्या, तरी हात तसाच राहिला.

मी अभिजितला सुनावलं, तर माझ्या टेबलावरचे उठून गेले. मग ती एका टेबलावर एकटी आणि मी दुसऱ्यावर, दोघं आपापल्या ताटात बघत बसलो. कर्जाच्या अटींवर मी विद्यार्थी संघटनेसाठी पत्रकंच्या पत्रकं खरडतो, पण तिच्याशी बोलायला मला एक वाक्य सुचेना. देश देशावर रुसतो तेव्हा राजदूताला बोलावून जाब विचारतात. भरल्या मेसमध्ये एकट्या पडलेल्या मुलीसाठी कुणीच कुणाला बोलावत नाही.

आता ती डबा नेऊन खोलीत जेवते. तुमच्या मेसमध्ये, ऑफिसातही असं कुणी असेल. कर्जाचं काय ते दोन राजधान्या बघून घेतील. तुम्ही आज आपलं ताट उचला आणि त्याच्यासमोर जाऊन बसा.