डाव्या हाताचं रीळ

आमचे हे, म्हणजे जयवंत परब, कधी कोणाकडे काही मागत नाहीत. लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांनी विचारलं, जावईबापू, घड्याळ देऊ की अंगठी? तर म्हणाले, दोन्ही नको, आहे माझ्याकडे. कुठे होतं? मनगट रिकामं आणि बोटंही रिकामी. आमटी अळणी झाली तरी मुकाट जेवतील, मीठ मागायचे नाहीत. पहिलं वर्षभर मला वाटायचं, काय गुणी माणूस मिळालाय. मग कळलं की असल्या गुणाचा बायकोच्या डोक्याला केवढा ताप असतो. अहो, मी काय अंतर्ज्ञानी आहे?

हे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी बंद पडली आणि हे घरी बसले. बसले म्हणजे कसे, तर घाटकोपरच्या आमच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवायला हाक मारली की उठायचे, जेवले की पुन्हा भिंत. मी चिडायचे, भांडी आपटायचे, रडायचे पण. सासूबाई देवासमोर बसायच्या. भिंत काही ह्यांना सोडत नव्हती.

सोडवलं ते शेजारच्या कुंडलिकरावांनी. ते साताऱ्याकडचे, पालिकेच्या पाणीखात्यात कामाला. गावाला नदीसुद्धा धड नाही, त्यामुळे मासा फक्त ताटात बघितलेला. एका रविवारी ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, जयवंतराव, तुम्ही मालवणकडचे ना, मला मासे धरायला शिकवा. ह्यांना नाही म्हणता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोघे बस धरून मानखुर्दला खाडीवर गेले आणि संध्याकाळी चिखलाने माखलेले पाय घेऊन परत आले. पिशवीत चार बोयटं होती. हे हसत होते. मी त्या दिवशी चिखल काढताना एक शब्द बोलले नाही.

मग तो नेमच झाला. चेंबूरला रंगाच्या कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली, तरी रविवार खाडीचा. साधी नायलॉनची दोरी, पत्र्याच्या डब्याला गुंडाळलेली, टोकाला गळ आणि शिसं, आमिषाला कोळंबी. कधी शिंगाळा, कधी बोय, कधी नुसतंच ऊन खाऊन यायचे. पण रविवारी हा माणूस बोलायचा. आठवडाभराचं सगळं बोलणं रविवारी रात्री जेवताना व्हायचं आणि ते सगळं माशांबद्दल असायचं. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, तरी मी वाढता वाढता हूं हूं करायचे. बरं वाटायचं हो ऐकायला.

तिथेच खाडीवर चेंबूरचे एक गृहस्थ काठी आणि दोरी गुंडाळायचं रीळ घेऊन यायचे. त्यांचा गळ म्हणे खाडीच्या पार मधल्या धारेत जाऊन पडायचा, जिथे जिताड्यासारखा मोठा मासा असतो. ह्यांची दोरी तिथवर पोचत नव्हती. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की स्वप्नात मलाच जिताडा दिसायला लागला.

माझा धाकटा भाऊ बाळा तेव्हा मस्कतला होता. सुट्टीवर यायच्या आधी त्याने पत्रातून विचारलं, भावोजींना काय आणू? टेपरेकॉर्डर? मी नेहमीप्रमाणे लिहिणार होते की त्यांना काही नको असतं. तर हे मागून हळूच म्हणाले, रीळ मिळालं तर बघ म्हणावं. मी वळून बघतच राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा ह्या माणसाने तोंड उघडून काही मागितलं होतं.

एका शुक्रवारी बाळाचा फोन आला खालच्या काशीराम वाण्याकडे. हे कामावर. मी आणि सासूबाई धावत खाली गेलो. सासूबाईंना फोनचं भारी कौतुक, त्यामुळे रिसीव्हर त्यांच्याच कानाला. बाळा दुकानातूनच विचारत होता की रीळ दोन तऱ्हेचं असतं, उजव्या हाताने गळ टाकणाऱ्याचं वेगळं आणि डाव्याचं वेगळं, घेतलं की बदलता येत नाही, तर भावोजींसाठी कुठलं घेऊ?

"उजव्याचा," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरात डावरा कोण नाय."

प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणाल्या. मी असते फोनवर तरी तेच सांगितलं असतं. पंधरा वर्षं रोज ह्यांना उजव्या हाताने जेवताना, सही करताना, देवाला फूल वाहताना बघत होते मी.

बाळा आला. रीळ काय देखणं होतं, काळंभोर, चांदीसारखं हँडल, फिरवलं की मांजर घुरघुरल्यासारखा आवाज. सोबत दोन तुकड्यांची काठीही आणली. अख्खी चाळ बघायला आली. ह्यांनी ते हातात घेतलं, हँडलकडे बघितलं, मग एकदा आईकडे बघितलं आणि म्हणाले, झकास आहे. बाळाची छाती फुगली. मला वाटलं, चला, आता येतोय जिताडा घरात.

कसला जिताडा! जिताडा राहिला बाजूला, बोयटंही यायची बंद झाली. एक रविवार रिकामा, दुसरा रिकामा, तिसऱ्याला दोरीचा हा एवढा गुंता घेऊन आले आणि रात्रभर तो सोडवत बसले. मी आपली थट्टा करायचे. म्हणायचे, मस्कतचं रीळ, त्याला मासे पण मस्कतचेच लागत असतील. हे हसायचे नाहीत. पुसून, शिलाई मशीनचं तेल घालून रीळ डब्यात ठेवायचे. जेवताना बोलणं संपलं. मग एका रविवारी म्हणाले, आज नको, अंग मोडून आलंय. पुढच्या रविवारी कारणही दिलं नाही. दुपारी मी भांडी घासून आत आले तर हे चटईवर आडवे, तोंड भिंतीकडे.

 संपाच्या वेळची भिंत पुन्हा आली होती. तेव्हा निदान गिरणी गेली होती. आता काय गेलं होतं? मी तडक कुंडलिकरावांच्या दारात गेले. म्हटलं, खरं सांगा, खाडीवर काही झालं का? भांडण वगैरे?

ते आधी आढेवेढे घेत होते. मग म्हणाले, "वहिनी, जयवंतराव दोरी नेहमी डाव्या हाताने टाकायचे. तुम्हाला माहीत नाही?"

मला खुळ्यासारखं झालं. म्हटलं, कोण, हे? डाव्या हाताने? मग त्यांनी सगळं समजावलं. ज्या हाताने टाकायचं त्याच हातात काठी राहते आणि मोकळ्या हाताने हँडल फिरवायचं. त्यामुळे उजव्याच्या रिळाला हँडल डावीकडे असतं, डाव्याच्या रिळाला उजवीकडे. बाळाने आणलेल्याला हँडल डावीकडेच होतं, दुसऱ्या बाजूला बसवायला भोकसुद्धा नव्हतं. ते वापरायचं तर काठी उजव्या हातात धरावी लागते आणि ह्यांच्या उजव्या हाताला खाडीतलं काही कळत नाही. गळ जवळच पडतो आणि मासा ओढून निघून गेला की मग ह्यांना समजतं. कुंडलिकराव म्हणाले, मी सांगितलं, ठेवा ते रीळ आणि आपली दोरी आणा. तर म्हणे, मेहुण्याने हौसेने आणलंय, दोरी घेऊन निघालो तर चाळीत काय दिसेल? आणि आईला काय वाटेल?

आईला काय वाटेल, हे ऐकल्यावर मला तो फोन आठवला. मग एकेक आठवायला लागलं. घरात कोणी नसलं की खिळा डाव्या हाताने ठोकायचे. एकदा पडत्या पातेल्याला झेलायला आधी डावा हात गेला होता. संसार केला मी, आणि नवऱ्याचा हात मला शेजाऱ्याने दाखवावा!

घरी आले तर सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी सरळ विचारलं, आई, हे डावरे आहेत का? त्यांनी सूप खाली ठेवलं आणि जी सुरू झाल्या! परबांच्या घराण्यात असलं काही नाही, घाटावरचा माणूस काही सांगतो आणि तू ऐकतेस, तुझ्या माहेरचे असतील डावरे. मीही कमी नाही. म्हटलं, माझ्या माहेरचे डावरे असू देत नाहीतर लंगडे, तुमचा मुलगा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलाय तो बघा एकदा. त्यांनी सूप पुन्हा उचललं. पुढे आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, चहासुद्धा स्वतःचा स्वतः करून घ्यायच्या. पण रविवार आला, हे पुन्हा आडवे झाले आणि सासूबाई दारात बसून लेकाच्या पाठीकडे बघत राहिल्या, ते मी पाहिलं.

सोमवारी हे कामावर गेले आणि सासूबाई नऊवारी नेसून, पायात वहाणा घालून माझ्यापुढे उभ्या. काखेत पिशवी, पिशवीत रिळाचा डबा.

"चल गो," म्हणाल्या.

कुठे म्हणून विचारायची माझी छाती झाली नाही. कुंडलिकरावांकडून पत्ता त्यांनी आधीच काढला होता. बसने आम्ही क्रॉफर्ड मार्केटला गेलो, मार्केटच्या मागे गळ-दोऱ्यांचं एक जुनं दुकान आहे तिथे. दुकानदार बोहरी, वयस्कर. त्याने रीळ उलटंसुलटं करून बघितलं. ह्यांच्या तेलपाण्याने ते नव्यासारखंच राहिलं होतं. बदलून देईन म्हणाला. मग त्याने काउंटरवर दोन रिळं शेजारी शेजारी मांडली, एकाचं हँडल डावीकडे, एकाचं उजवीकडे, आणि हिंदीत विचारलं की वापरणारा माणूस कुठल्या हाताचा?

दुकानात बरीच गिऱ्हाइकं होती, सगळे पुरुष. सासूबाईंनी पदर नीट केला. एकदा ह्या रिळाला हात लावला, एकदा त्या रिळाला.  मला वाटलं, आता पुन्हा उजवाच म्हणतात. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"माझो झील डावरो आसा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "जन्मल्यापासून डावरो. डावऱ्याचा काय असात ता दी."

बोहऱ्याला मालवणी कितपत कळली कोण जाणे, पण त्याने बरोबर उजव्या हँडलचं रीळ पुढे सरकवलं. सासूबाईंनी ते दोन्ही हातांनी उचललं.

परत येताना बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या, डबा मांडीवर. सायन आलं. मग बाहेर बघतच त्यांनी विचारलं, जयवंताच्या डाव्या हातावर डाग आहे, तो कसला म्हणून सांगितलंय त्याने तुला? मी म्हटलं, गिरणीतला. मशीनचं चटकलं म्हणून.

"गिरणीतलो न्हय गो तो," त्या म्हणाल्या. "मिया दिलेलो."

तापलेल्या उलथन्याने. हे तेव्हा सहा-सात वर्षांचे होते. शाळेत मास्तर डाव्या हातावर छडी मोडायचा, देवळात कोणी त्या हातून प्रसाद घ्यायचं नाही, पोरं चिडवायची. सासूबाईंना वाटलं, एकदा आपणच दुखवू, मग जग दुखवणार नाही. पोर त्या दिवसापासून आईसमोर उजव्या हाताचं झालं आणि पुन्हा कधी कशाला तक्रार केली नाही, काही मागितलंही नाही. हे सांगताना म्हातारीने पदर डोळ्याला लावला. मला आधी संताप आला, खरंच आला. मग त्यांचा हात धरून बसले. दुसरं काय करणार? आई होती ती.

संध्याकाळी हे घरी आले. सासूबाईंनी नवं रीळ पाटावर ठेवलं होतं. आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लावतात, मग ती पितळी कळशी असो की स्टोव्ह. ह्यांनी पाटाकडे बघितलं आणि दारातच थांबले. हँडल कुठल्या बाजूला आहे ते त्यांना तिथूनच दिसलं असणार. सासूबाईंनी रिळाला हळद लावली, कुंकू लावलं. मग म्हणाल्या, हात दाखव. ह्यांनी सवयीने उजवा पुढे केला.

"तो नको. दुसरो."

हे हलेनात. तेव्हा त्यांनी स्वतःच डावा हात ओढून घेतला, उलटा केला आणि त्या जुन्या डागावर कुंकवाचं बोट टेकवलं.  मला तर तिथे उभं राहवेना, मी उगाच मोरीत जाऊन नळ सोडला.

मागून सासूबाईंचा आवाज आला, "जेवायचा मात्र उजव्यानच हां."

त्या रविवारी हे आणि कुंडलिकराव पहाटेच गेले. परतले तेव्हा पिशवीतून शेपूट बाहेर आलेलं होतं. जिताडा! चाळ गोळा झाली, काशीराम वाणी दुकान सोडून वर आला. ह्यांच्या तोंडाची टकळी तर थांबेचना. धार कशी होती, मासा कसा ओढत होता, दोरी कशी सुटत होती, सगळं. मला पुन्हा निम्मं कळलं नाही आणि पुन्हा मी हूं हूं करत राहिले.

सासूबाई विळी घेऊन बसल्या होत्या. माशाचे खवले काढता काढता, वर न बघता त्यांनी विचारलं, "खंयच्या हातान धरलंस?"

ह्यांनी चाळीतल्या सगळ्यांसमोर डावा हात वर केला.